माजावर आली म्हणजे तयार झाली, असे नाही

आमची लॅब्रॅडॉर कुत्री रेवा १० महिन्यांची असताना पहिल्यांदा माजावर आली आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात मला निदान सहा जणांनी विचारले, "नर कधी दाखवणार?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. जनावर माजावर आले की ते विण्याजोगे झाले, ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्याविषयी शंका घेणाऱ्यालाच लोक विक्षिप्त समजतात. त्या वेळी मलाही नीट उत्तर देता आले नाही. उडी मारताना आपले मागचे पाय कुठे पडतील याचाही अंदाज न येणाऱ्या त्या लॅब्रॅडॉर पोरीच्या पोटात आठ पिल्ले वाढावीत, ही कल्पना मात्र मला सहन होत नव्हती. रेवाला प्रत्यक्षात नर दाखवला तो चौथ्या माजाला, ती ३१ महिन्यांची असताना. मधल्या काळात आम्ही काय पाहिले, काय तपासले आणि कशासाठी थांबलो, ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटते, कारण ज्यांच्या घरी आज पहिल्या माजाची कुत्री आहे त्यांना तोच प्रश्न याच आठवड्यात कोणीतरी विचारत असेल.

माज काय सांगतो, हे आधी पाहू. लहान चणीच्या जातींत पहिला माज सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत येतो, तर थोराड जातींत तो दीड-दोन वर्षांपर्यंत लांबू शकतो. त्यानंतर सरासरी सात महिन्यांच्या अंतराने माज येत राहतो, मात्र हे अंतर पाच महिन्यांपासून अकरा महिन्यांपर्यंत बदलते आणि बसेंजीसारख्या जातीत तर वर्षातून एकदाच माज येतो. सुरुवातीचे साधारण नऊ दिवस योनी सुजते, रक्तस्राव होतो, नर मागे लागतात, पण मादी त्यांना जवळ येऊ देत नाही. पुढच्या सुमारे नऊ दिवसांत ती नराला स्वीकारते. ही सरासरी आहे आणि प्रत्येक कुत्री तिच्यापासून बरीच दूर असू शकते. कोवळ्या वयात तर कधी कधी माज अर्धवट येऊन थांबतो, बीज सुटतच नाही आणि काही आठवड्यांनी तीच लक्षणे पुन्हा दिसतात. म्हणजे पहिल्या माजाने शरीराची घडी बसू लागली एवढेच कळते. हाडे पूर्ण भरली आहेत का, श्रोणी पुरेशी रुंद झाली आहे का, आठ पिल्लांना दूध पाजून स्वतः तगून राहण्याइतकी ताकद अंगात आहे का, यांपैकी कशाचेही उत्तर त्या रक्ताच्या थेंबांत नसते.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. ओळखीच्या एका घरी जेमतेम दहा महिन्यांची कुत्री पहिल्याच माजाला लावली होती. ती व्यायली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले होते. खोक्यात पाच पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढत आईला शोधत होती आणि आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाच्या खाली, पाठ भिंतीला लावून बसली होती. घरातल्या लोकांनी तिला उचलून खोक्यात ठेवले की एखादे पिल्लू आचळाला लागायच्या आतच ती उडी मारून बाहेर पडत असे. तिच्या डोळ्यांत राग नव्हता; आपल्या अंगाला हे काय झाले आणि ही वळवळणारी पिल्ले कोण, हेच तिला समजत नव्हते. दोन पिल्ले तिसऱ्या दिवशी गेली. उरलेल्यांना त्या घरातल्या आजी दर दोन तासांनी उठून बाटलीने दूध पाजत होत्या. त्या कुत्रीला कोणी निर्दयपणे वागवत नव्हते, उलट तिचे लाडच होत होते. चूक फक्त वेळेची होती.

त्यामुळे खालची मर्यादा आम्ही स्वतःपुरती पक्की केली: किमान दोन वर्षे पूर्ण आणि किमान दोन माज निरोगीपणे पार पडलेले. वरचीही मर्यादा असते आणि तिच्याविषयी लोक कमी बोलतात. पिल्लांची संख्या साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी सर्वांत चांगली असते, नंतर ती घटत जाते. पहिलेच वेत पाच-सहा वर्षांच्या पुढे गेले तर अडलेल्या बाळंतपणाचा आणि मेलेली पिल्ले जन्मण्याचा धोका वाढतो. ब्रिटनमधील केनेल क्लब लग्नाच्या, म्हणजे नर दाखवण्याच्या, वेळी वर्षाच्या आत असलेल्या किंवा विताना आठ वर्षे पूर्ण झालेल्या मादीच्या पिल्लांची नोंद सर्वसाधारणपणे करत नाही, आणि एका मादीची चारपेक्षा जास्त वेतेही नोंदवत नाही. माझ्या मते हे किमान नियम आहेत. मोठ्या जातीच्या वर्षभराच्या कुत्रीला लावण्यास हरकत नाही असा त्यांचा अर्थ घेऊ नये.

आणखी एक समजूत इथेच बाजूला ठेवते, कारण तिच्यापायी फार कुत्र्या गाभण राहतात. "एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, तिच्या तब्येतीला चांगले असते," हे वाक्य मी मोजता येणार नाही इतक्या वेळा ऐकले आहे. त्याला वैद्यकीय आधार नाही. कुत्रीच्या शरीरात प्रत्येक माजानंतर जवळपास दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढलेले राहते, मग ती गाभण असो वा नसो. खोटी गर्भधारणा होते ती त्यामुळेच, आणि गर्भाशयात पू होण्याचा आजारही, ज्याला डॉक्टर पायोमेट्रा म्हणतात, याच काळात उद्भवतो. नसबंदी न केलेल्या मादीवर हा धोका माजागणिक येत राहतो आणि एका वेताने तो टळत नाही. तेव्हा रेवाला पिल्ले झाली नसती तरी तिचे काही बिघडणार नव्हते, हे आम्ही पहिल्या दिवसापासून मनाशी स्पष्ट ठेवले. 'नको' हे उत्तरही आम्हाला तितकेच चालणार होते, म्हणून मला तपासण्यांची भीती वाटली नाही.

शरीराआधी आम्ही स्वभाव पाहायला घेतला, कारण त्याला वेळ लागतो आणि त्याची कोणतीही प्रयोगशाळा नसते. रेवाच्या दोन वर्षांत मी एका वहीत बारीकसारीक गोष्टी टिपत गेले. खाताना कोणी जवळून गेले तर ती थबकते का. अनोळखी माणसाने पोटाला हात लावला तर काय करते. झोपेत असताना तिच्या शेपटीवर चुकून पाय पडला तेव्हा तिने काय केले. वीज कडाडली तर किती वेळात सावरते. शेवटची नोंद मला महत्त्वाची वाटते. मोठ्या आवाजाने दचकणे स्वाभाविक आहे, पण दचकल्यानंतर दोन मिनिटांत पुन्हा खेळायला लागणारी कुत्री आणि तासभर पलंगाखाली थरथरत राहणारी कुत्री यांत आई होण्याच्या दृष्टीने फार फरक आहे. भित्रेपणाचा काही भाग रक्तातून उतरतो आणि काही भाग पिल्ले आईकडे पाहून उचलतात. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाची जगाशी ओळख होण्याचा असतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ ते आईच्या सहवासात असते. दारावरची घंटा वाजली की ज्याची आई कोपरा गाठते, ते पिल्लू घंटेचा अर्थ तोच शिकते. रेवा विजेला दचकायची, माझ्या पायाशी यायची आणि पाऊस सुरू होताच खिडकीशी जाऊन बसायची. वहीत अशा सात नोंदी झाल्यावर मी तो प्रश्न मिटवला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो खुब्याच्या सांध्यावर. लॅब्रॅडॉरसारख्या जातीत खुब्याचा सांधा सैल आणि उथळ राहण्याचा दोष आढळतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. धावणारी, पोहणारी, आनंदी कुत्रीही आतून सदोष असू शकते. अमेरिकेतील ओएफए ही संस्था खुब्यांचे अंतिम प्रमाणपत्र २४ महिने पूर्ण झाल्यावरच देते, त्याआधीचा अहवाल प्राथमिक समजला जातो. आमच्या दोन वर्षांच्या मर्यादेमागे हेही एक कारण होते. माजाच्या काळात सांध्यांची शिथिलता बदलू शकते, म्हणून तिसरा माज २४व्या महिन्यात येऊन गेल्यावर दोन महिने थांबून आम्ही एक्स-रे काढला. त्यासाठी रेवाला गुंगी दिली, पाठीवर उताणी झोपवली, मागचे दोन्ही पाय सरळ ताणून एकमेकांना समांतर धरले आणि गुडघे किंचित आत वळवले. डॉक्टरबाईंनी चित्र पडद्यावर आणले आणि पेनाच्या टोकाने दाखवले, "हे पाहा, मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत किती आत बसला आहे. आणि ही फट बघा, दोन्ही बाजूंना सारखी आहे." अर्ध्याहून जास्त गोळा खोबणीच्या छायेत होता आणि कडा स्वच्छ होत्या. युरोपात वापरल्या जाणाऱ्या ए ते ई या श्रेणींत तिला बी मिळाली, म्हणजे जवळपास निर्दोष. कोपरांचेही चित्र चांगले आले.

मी आनंदाने उठतच होते, तेव्हा बाईंनी विचारले, "हिच्या भावंडांचे काय?"

या एका प्रश्नाने आमचे पुढचे दोन महिने खाल्ले, आणि मला आज वाटते की संपूर्ण प्रवासात सर्वांत मोलाचा प्रश्न तोच होता. खुब्याचा दोष एका जनुकामुळे येत नाही. अनेक जनुके मिळून तो घडवतात आणि त्यात वजन, आहार, वाढीच्या वयातला व्यायाम यांची भर पडते. त्यामुळे एखाद्या कुत्रीचे स्वतःचे खुबे चांगले असले तरी ती सदोष जनुके पुढे देऊ शकते, आणि त्याचा माग तिच्या सख्ख्या भावंडांत लागतो. रेवा आठ पिल्लांपैकी एक. ज्यांच्याकडून आम्ही तिला आणली त्यांनी आई-वडिलांचे अहवाल दिले होते, पण पिल्ले गेली कुठे याची त्यांच्याकडे धड नोंद नव्हती. फोनवर फोन करून मी सात भावंडांपैकी पाच शोधली. त्यांपैकी तिघांचेच एक्स-रे झालेले होते. दोन भावांचे चांगले निघाले. एक बहीण मात्र चौदाव्या महिन्यापासून गाडीत चढायला कुरकुरत होती आणि तिची श्रेणी डी होती.

रेवाला लावावे की नाही, हा निर्णय त्या रात्री पहिल्यांदा खरोखर अवघड झाला. बहिणीच्या घरी कुत्री लठ्ठ होती, हे त्यांनीच सांगितले; पण दोष निव्वळ लठ्ठपणाचा असे म्हणून स्वतःची समजूत घालणे मला पटले नाही. बाईंशी दोनदा बोलून आम्ही ठरवले की, रेवाला लावायचे असेल तर आधी मनात धरलेला नर चालणार नाही, कारण त्याचे स्वतःचे खुबे उत्तम असले तरी त्याच्या भावंडांविषयी काहीच माहिती नव्हती. असा नर हवा ज्याचे आई-वडील आणि बहुतेक भावंडे तपासलेली असतील आणि सगळ्यांचे खुबे चांगले असतील. असा नर न मिळाल्यास विषय बंद. तो मिळायला दोन महिने लागले.

तोवर गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याची जनुक चाचणीही आली होती. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होऊन अंधत्व आणणारा एक आजार लॅब्रॅडॉरमध्ये आहे आणि रेवा त्याची वाहक निघाली. 'वाहक' हा शब्द वाचून छातीत धस्स होते, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. हा आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत यावी लागते. रेवाकडे एकच आहे, त्यामुळे ती स्वतः या आजाराने कधी आंधळी होणार नाही. दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, पण निर्दोष नराशी लग्न केल्यास एकही पिल्लू आजारी निघत नाही, सरासरी निम्मी वाहक होतात. प्रत्येक वाहकाला बाद करत गेलो तर आधीच आक्रसलेल्या जातींमधली विविधता आणखी घटेल, म्हणून डॉक्टर अशा वेळी जोडी विचारपूर्वक निवडायला सांगतात. आमच्या नराच्या अटींत आणखी एका अटीची भर पडली. त्याची आणि रेवाची वंशावळ ताडून पाहिली तेव्हा पाच पिढ्यांत सामाईक पूर्वज आढळला नाही, याचा मला फार दिलासा वाटला.

उरलेल्या तपासण्या भराभर झाल्या, पण त्यांतली एकही वगळण्याजोगी नाही. ब्रुसेला केनिस या जिवाणूची रक्तचाचणी नर आणि मादी दोघांची व्हायलाच हवी. त्याने दिवस भरत आले असताना गाभ जातो, तो माणसालाही लागू शकतो आणि कुत्र्यात त्याचा खात्रीशीर इलाज नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी माजाआधीच पूर्ण केल्या, कारण पिल्लांना मिळणारे बहुतांश संरक्षण पहिल्या दिवसाच्या चिकातून येते आणि गाभणपणात जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत. जंतांचे औषधही दिले, तरी डॉक्टरांनी गाभणपणाच्या चाळिसाव्या दिवसापासूनचे वेगळे वेळापत्रक लिहून दिले. आईच्या स्नायूंत निपचित पडलेल्या गोल जंतांच्या अळ्या त्या सुमारास जाग्या होऊन वारेतून पिल्लांत शिरतात. वजनाच्या बाबतीत बाईंनी रेवाच्या छातीवरून तळहात फिरवला आणि माझाही हात तिथे ठेवला: फासळ्या दिसत नव्हत्या, पण प्रत्येक वेगळी मोजता येत होती. तेवढीच हवी. लठ्ठ मादीची कळ मंद पडते आणि बाळंतपण अडते. शेवटी योनीमार्गात एखादा पडदा किंवा आवळलेला पट्टा तर नाही, हे बोटाने तपासले. तो असेल तर लग्नही दुखते आणि पिल्लेही अडतात.

आखूड नाकाच्या जाती ज्यांच्याकडे आहेत त्यांनी याआधी एक पायरी जास्त चढावी असे मी आग्रहाने सांगेन. बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉगमध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका पाहणीत ८० टक्क्यांहून अधिक वेळा पिल्ले पोट कापून काढावी लागली होती. जी कुत्री जिना चढून आल्यावर दहा मिनिटे घोरत धापा टाकते, तिला लावण्याचा विचारच करू नये, मग तिचे बाकीचे सगळे अहवाल कितीही चांगले असोत.

कुत्री तयार आहे का हे पाहताना घर तयार आहे का, हेही पाहावे लागते. रात्री दोन वाजता कळा थांबल्या तर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर किती अंतरावर आहे, त्या खर्चाचे पैसे बाजूला आहेत का, विल्यानंतरचे पहिले तीन आठवडे घरात कोणी सतत असणार का, आणि आठही पिल्ले आठ आठवड्यांपर्यंत सांभाळून चांगल्या घरी देता येतील का? आम्ही सहा घरांशी आधी बोललो, दोन वेळा त्यांच्या घरी गेलो, आणि कोणत्याही कारणाने कुत्रा ठेवणे अशक्य झाले तर तो आमच्याकडेच परत यावा असे लेखी घेतले. ही सहा घरे नक्की होईपर्यंत मी नराच्या मालकांना होकार कळवला नाही.

मग चौथा माज आला. अकराव्या आणि तेराव्या दिवशी लावायचे, हा सर्वांना पाठ असलेला हिशोब, पण आम्ही दर दोन-तीन दिवसांनी रक्तातील प्रोजेस्टेरॉन पाहत होतो. नवव्या दिवशी ते मिलिलिटरमागे एका नॅनोग्रॅमच्या आत होते, बाराव्या दिवशीही जेमतेम एकच. पंधराव्या दिवशी २.४ आले, म्हणजे बीज सुटण्याची तयारी सुरू झाली, आणि सतराव्या दिवशी ५.८, म्हणजे बीज सुटले. कुत्रीचे बीज सुटते तेव्हा कच्चे असते आणि फळायला त्याला आणखी दोन-तीन दिवस लागतात, म्हणून १९व्या आणि २१व्या दिवशी लग्न लावले. तेराव्या दिवशी ती नराला जवळही येऊ देत नव्हती. पाठांतराप्रमाणे गेलो असतो तर तिला धरून ठेवावे लागले असते. १९व्या दिवशी तिने स्वतःहून शेपटी बाजूला केली. सतराव्या दिवसापासून बरोबर ६३व्या दिवशी पहाटे ती व्यायली, सात पिल्ले. एकाने श्वास घेतला नाही. बाकी सहा जणांना तिने चाटून, ढकलून स्वतःच आचळाला लावले आणि मी हात पुढे केला तेव्हा फक्त माझ्याकडे पाहिले.

ती सहा पिल्ले आता चौदा महिन्यांची आहेत. घरे देताना मी प्रत्येकाकडून आणखी एक वचन घेतले होते: वर्ष पूर्ण झाल्यावर खुब्यांचा एक्स-रे काढायचा आणि तो चांगला असो वा वाईट, मला पाठवायचा. चार आले आहेत आणि चौघांचे सांधे स्वच्छ आहेत. पाचवा पुढच्या आठवड्यात निघणार आहे आणि सहाव्या घरी मी पुन्हा एकदा फोन करणार आहे. रेवाचा पुढचा माज साधारण दोन महिन्यांवर आहे, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारणाऱ्यांना मी सध्या एवढेच सांगते की, ते दोन एक्स-रे येईपर्यंत तिच्या दुसऱ्या वेताविषयी मी काही ठरवलेले नाही.